भेडाघाट पाहून झाला, आता टेकडी चढा!

जबलपूरला राहणाऱ्यांना आणि जबलपूरला येणाऱ्यांना रविवारची एकच जागा ठाऊक असते. पण शहराच्या कुशीतच अशा वाटा आहेत, की सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी परतता येते. त्यांतली आपल्या घराला झेपेल अशी वाट निवडायची कशी?

जबलपुरात पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी भेडाघाट, हे ठरलेलेच. नागपूरची आत्या असो की पुण्याचे साडू, कार्यक्रम तोच. धुवांधारसमोर फोटो, पंचवटी घाटावरून नावेत बसून संगमरवरी कड्यांमधली फेरी, निघताना पांढऱ्या दगडाची एखादी छोटी गणेशमूर्ती आणि शहरात शिरल्यावर खव्याची जिलबी. १९६० साली 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटात हे कडे दिसले आणि भेडाघाट देशभर पोचला. त्याच्या सौंदर्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण ज्या घराने तो दहा वेळा पाहिला आहे, त्या घरात पाहुण्यांशिवायचा रविवार उजाडला की प्रश्न पडतो, आज कुठे? उत्तर सुचत नाही आणि दिवस दूरदर्शन संचासमोर निघून जातो.

गंमत अशी की याच घराच्या गच्चीवर उभे राहिले तर चारी दिशांना टेकड्या दिसतात. बुंदेली बोलीत अशा छोट्या टेकडीला 'टौरिया' म्हणतात. शहराच्या नावातही डोंगर दडला आहे, असे काही जण मानतात. अरबी भाषेत 'जबल' म्हणजे पर्वत, त्यावरून जबलपूर, ही एक व्युत्पत्ती. दुसरी जाबाली ऋषींचे नाव सांगते. कलचुरी राजांच्या एका लेखात 'जाउलीपत्तला' असा या भागाचा उल्लेख येतो, म्हणून अभ्यासकांचा कल तिसरीकडे आहे. खरे काहीही असो, ज्या गावाचे नाव डोंगरावरून पडल्याची चर्चा होते, त्या गावाने डोंगरांकडे पाठ फिरवावी हे काही बरे नाही.

मराठी माणसाला तर या टेकड्या परक्या नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे इथेच रुजली. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला आज मराठीइतकीच सहज हिंदी येते. मात्र शहरामागच्या टेकडीवर काय आहे हे विचारले, तर अनेकांना सांगता येणार नाही.

तुकड्यातुकड्यांनी चालणारा चित्रकार

नवी वाट कशी निवडावी, याचा उत्तम धडा जबलपूरच्याच एका माणसाने घालून दिला आहे. त्यांचे नाव अमृतलाल वेगड. १९२८ साली जबलपुरात एका गुजराती कुटुंबात जन्मलेले वेगड शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली चित्रकला शिकले आणि जबलपूरला परतून कलाशिक्षक झाले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी नर्मदेच्या काठाने चालायला सुरुवात केली.

नर्मदा परिक्रमा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गो. नी. दांडेकरांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' येते. घरदार मागे ठेवून निघालेला परिक्रमावासी येतो. वेगडांना नोकरी होती, संसार होता. त्यांनी परिक्रमेचे तुकडे पाडले. सुट्टी मिळेल तेव्हा एक टप्पा चालायचा, घरी परतायचे आणि पुढच्या वेळी नवा टप्पा निवडायचा. पहिला टप्पा त्यांनी घराजवळचाच घेतला, जबलपूर ते मंडला. असे करत ते पुढची अनेक वर्षे चालत राहिले. पुढे पत्नी कांताही सोबत येऊ लागल्या. या चालण्यातून रेखाटने आणि कोलाज आली, 'सौंदर्य की नदी नर्मदा' हे गाजलेले पुस्तक आले. २०१८ साली वेगड गेले, तेव्हा नर्मदेच्या काठची गावे आणि घाट त्यांनी हिंदी आणि गुजराती वाचकांच्या घरात कायमचे पोचवलेले होते.

या गोष्टीत रविवारच्या भटक्यांसाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, मोठी यात्रा जमत नसेल तर तिचा एक दिवसाचा तुकडा निवडता येतो. दुसरी थोडी हुरहुर लावणारी आहे. १९७७ साली वेगड ज्या काठाने मंडल्याकडे चालत गेले, त्या काठाचा बराच भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयाखाली गेला. तीच वाट आज कोणाला पुन्हा चालायची म्हटली तरी चालता येणार नाही. जवळची वाट कधीही पाहता येईल, असे आपण धरून चालतो. ते नेहमीच खरे ठरत नाही.

आधी माणसे पाहा, मग डोंगर

वाट निवडताना बहुतेक जण आधी जागेचे नाव ठरवतात. खरे तर आधी सोबतची माणसे मोजायला हवीत. घरात साठीची आजी आणि सहा वर्षांचा नातू असेल, तर त्या दोघांना झेपेल तीच वाट सगळ्यांची वाट. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ती सोपी वाटेल, पण त्याच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि पोळीभाजीचे डबे दिले की हिशेब बरोबर होतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. सूर्य मावळण्याआधी दीड-दोन तास टेकडीवरून खाली उतरलेले असावे. म्हणून परतीची वेळ घरातून निघतानाच ठरवावी आणि ती झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी वळावे. उतरताना पाय थकलेले असतात, लक्ष विचलित झालेले असते. बहुतेक मुरगळणी आणि घसरणी उतारावरच होतात.

तिसरा प्रश्न ऋतूचा. जबलपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उघडा खडक सकाळी दहा वाजताच तापतो. जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा हिरवाई मोहात पाडते, पण खडकावर शेवाळ असते आणि ओढे अचानक फुगतात. चालण्यासाठी उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत.

चौथी गोष्ट, जागा कोणाची आहे? जबलपूर हे लष्कराचे आणि आयुध कारखान्यांचे शहर आहे. काही टेकड्या संरक्षण खात्याच्या हद्दीत आहेत, काही वनखात्याच्या, काही पुरातत्त्व खात्याच्या. कुंपण दिसले की त्यात फट शोधण्याऐवजी फाटकावर जाऊन विचारावे.

एवढे ठरले की मग शेवटचा आणि सगळ्यांत आनंदाचा प्रश्न उरतो. तिथे गेल्यावर आधी न पाहिलेले असे काय पाहायला मिळणार? जबलपूरच्या बाबतीत याचे उत्तर दगडात आहे. एकाच शहराभोवती तीन अगदी वेगळ्या वयाचे आणि स्वभावाचे दगड सापडतात. प्रत्येकाची वाट वेगळी, गोष्टही वेगळी.

पहिली वाट : मदनमहालचा ग्रॅनाइट

सुरुवात करायची तर मदनमहालच्या टेकडीपासून करावी. मदनमहाल नावाचे रेल्वे स्थानकच शहरात आहे, तिथून पायथा काही किलोमीटरवर. शारदा देवीच्या मंदिराजवळून चढणारी वाट पायऱ्यांची आहे. रमतगमत गेले तरी अर्ध्या-पाऊण तासात माथा येतो, त्यामुळे आजी-नातवंडांसाठी ही वाट उत्तम.

माथ्यावर एका प्रचंड शिळेवर बांधलेली छोटी दुमजली वास्तू आहे. तिला किल्ला म्हणतात खरे, पण रायगड-प्रतापगड पाहिलेल्या डोळ्यांना ती टेहळणीची चौकी वाटेल. गोंड राजा मदनसिंह याच्या नावाशी परंपरेने ती जोडली गेली आहे. गढा हे गोंड राज्याचे जुने ठाणे टेकडीच्या पायथ्याशीच. संग्रामशाहने हे राज्य बावन्न गढांपर्यंत वाढवले, असे सांगतात. त्याची सून राणी दुर्गावती. अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा ती हत्तीवर बसून लढली आणि २४ जून १५६४ रोजी जबलपूरजवळच्या नरई नाल्यापाशी तिने प्राण दिले. जबलपूरच्या लोकांच्या बोलण्यात राणी अजून वावरते. राणीताल तिने खोदवला, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिच्या मंत्र्याने, अशी लोककथा इथले रिक्षावालेही सांगतात.

इतिहास ऐकून झाला की पायाखाली पाहावे. या टेकडीचा दगड ग्रॅनाइट. शंभर कोटी वर्षांहून कितीतरी आधी तप्त शिलारस जमिनीच्या पोटात खोलवर हळूहळू थंड होऊन तो घडला. वरचे थर झिजून गेल्यावर तो उघडा पडला. त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या, भेगांत पाणी शिरले आणि चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजले. सुटलेला भुगा पावसाने वाहून नेला. राहिल्या त्या एकमेकांवर ठेवल्यासारख्या गोल शिळा. लहान मुलांना हे समजावणे सोपे आहे. साखरेचा खडा तोंडात ठेवला की त्याचे कोपरे आधी विरघळतात, तसेच.

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेला 'बॅलन्सिंग रॉक' याच प्रकारातला. एक मोठी शिळा दुसऱ्या शिळेवर इतक्याशा जागेत टेकली आहे, की आता पडेल असे वाटावे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला. शहरात घरे कोसळली, माणसे दगावली. ही शिळा मात्र होती तिथेच राहिली. तिला ढकलून पाहण्याची हौस अनेकांना होते, ती आवरावी.

पाय अजून थकले नसतील तर उतरून संग्रामसागर तलाव आणि काठचा बाजनामठ पाहावा. दोन्ही संग्रामशाहच्या काळाशी जोडलेले. त्यानंतर मेडिकल कॉलेजजवळची 'पिसनहारी की मढिया'. पिसनहारी म्हणजे दळण दळणारी बाई. दळणावर पोट भरणाऱ्या एका गरीब स्त्रीने पै-पै साठवून टेकडीवर हे जैन मंदिर उभारले, अशी कथा आहे. तिचे जातेही इथे जपले आहे. राजाराणीच्या किल्ल्यानंतर त्याच सकाळी जात्यावरच्या बाईचे मंदिर पाहणे, असा योग फार थोड्या ठिकाणी येतो. जात्यावर दळताना ओव्या म्हटलेल्या आजीला तर ही टेकडी विशेष आवडेल.

या टेकडीची दुसरी कथाही सांगायला हवी. गेल्या काही दशकांत शहर वाढले आणि वस्ती उतारावरून वर चढत गेली. शिळांच्या आडोशाला घरे झाली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, घरे हटवली गेली आणि तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. टेकडी मोकळी झाली, पण त्याची किंमत गरिबांनी मोजली. शहराने आपल्या टेकडीकडे वेळेवर पाहिले असते, तर दोघांचेही हाल टळले असते.

दुसरी वाट : भेडाघाटच, पण पायी

नवी वाट म्हणजे नवी जागाच हवी असे नाही. जुन्या जागेकडे जाण्याचा रस्ता बदलला तरी ती नवी होते. भेडाघाटला सगळे मोटारीने धुवांधारपर्यंत जातात. त्याऐवजी अर्धा दिवस लम्हेटाघाटाला द्यावा आणि उरलेला अर्धा दिवस चौसष्ट योगिनींच्या टेकडीला.

लम्हेटाघाट भेडाघाटाच्या वरच्या अंगाला, नर्मदेवरच. जुने घाट, जुनी मंदिरे, गर्दी कमी. या खेडेगावचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे, कारण मध्य आणि पश्चिम भारतात सापडणाऱ्या एका विशिष्ट थराला 'लॅमेटा' हे नाव इथूनच मिळाले. २०२१ साली भेडाघाट आणि लम्हेटाघाट यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. परिक्रमावासी याच काठाने जातात. त्यांच्या पावलांनी मळलेली वाट धरावी, पाण्याकडे उतरणारे खडक टाळावेत. घुघरा धबधब्याजवळचे खडक तर पाण्याने घासून गुळगुळीत झालेले आहेत. वर बरगीचे धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की नदी चढते आणि कधी कधी धुवांधार पुराच्या पाण्यात दिसेनासा होतो. या काठावर पाय घसरून किंवा पोहण्याच्या नादात माणसे गेली आहेत. इथे धाडसाला जागा नाही.

चौसष्ट योगिनी मंदिराला शंभरावर पायऱ्या चढून जावे लागते. दहाव्या शतकातले, कलचुरी राजांच्या काळचे हे मंदिर वर्तुळाकार आणि वरून उघडे आहे. मुलांना योगिनी मोजायला लावाव्यात. नाव चौसष्टचे, पण योगिनींसाठीच्या जागा ८१. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी त्यांच्या पायथ्याशी कोरलेली नावे कितीतरी ठिकाणी दिसतात. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे वाटेवरचे आजचे तेवर गाव. सुभाषचंद्र बोस ज्याचे अध्यक्ष होते ते १९३९ चे काँग्रेस अधिवेशन याच त्रिपुरीच्या नावाने ओळखले जाते. या राजांचे लेख वाचून, तपासून जगासमोर आणण्याचे मोठे काम एका मराठी पंडिताने केले, ते म्हणजे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कलचुरी-चेदी काळाच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला.

वरून नर्मदेची दरी दिसते. दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फूट उंचीचे पांढरे कडे. कधीकाळच्या समुद्रतळाशी साचलेला चुनखडीचा गाळ जमिनीच्या पोटात दाबला, तापला आणि त्याचा संगमरवर झाला. दरीतल्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. फॉरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, की रेल्वेच्या मोजणीसाठी आलेला एक इंजिनिअर माश्यांपासून सुटण्यासाठी पाण्यात उतरला आणि बुडाला. कड्यांखाली धूर, फटाके आणि आरडाओरडा यांना फाटा द्यावा, हे तेव्हापासूनचे शहाणपण.

तिसरी वाट : डायनोसॉरची टेकडी

शाळकरी मुले असलेल्या घराने ही वाट चुकवू नये. शहराच्या पूर्व भागात, गन कॅरेज फॅक्टरीच्या परिसरात, बडा सिमला नावाची टेकडी आहे. तिच्या अंगावरच पाटबाबांचे मंदिर. भाविक दर्शनाला येतात, हवा खातात आणि उतरतात. ज्या मातीवरून ते चालतात, तिने भारताच्या विज्ञानाच्या इतिहासात एक पान लिहिले आहे.

१८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन याला इथे दगड झालेली हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो इतिहासात ओळखला जातो, तोच हा स्लीमन. तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दही जन्माला आला नव्हता, तो आला १८४२ साली. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर याने त्या हाडांना 'टायटनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स मॅटली याने याच टेकडीवर खोदकाम करून आणखी हाडे मिळवली. १९८० च्या दशकात या भागातल्या डायनोसॉरच्या अंड्यांकडेही शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. मध्यंतरी एक गंमत झाली. ते पहिले हाड हरवले, असे सगळे धरून चालले होते. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली ते कोलकात्याच्या भूवैज्ञानिक संग्रहातून शोधून काढले.

ही हाडे ज्या थरात सापडली तो लॅमेटाचा थर, साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या डोक्यावर काळा कातळ बसलेला आहे. तो ओळखीचा वाटेल, कारण सह्याद्री ज्याचा बनला आहे तोच हा बेसाल्ट. ज्वालामुखींच्या त्या महाउद्रेकाचा लाव्हा इथपर्यंत पसरला होता. विदर्भातल्या वाचकांना हेही ठाऊक असावे, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यालाही याच लॅमेटा थरात डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत.

इथे दोन पथ्ये. परिसर संरक्षण खात्याच्या वसाहतीचा आहे. मंदिराच्या वाटेपलीकडे जायचे तर आधी परवानगी विचारावी. आणि दगड उचलून खिशात घालू नये. मुलाच्या कपाटात तो एक दगड असतो, टेकडीवर तो पुरावा असतो.

चढण नको असेल तर

गुडघे कुरकुरत असतील तर डुमना. विमानतळाच्या रस्त्यावर महापालिकेने सांभाळलेले हे सुमारे १०५८ हेक्टरचे जंगल. शहराला पाणी देणारा खंदारीचा जलाशय त्यातच. चितळ हमखास दिसतात, रानडुक्कर आणि कोल्हेही आहेत. बिबट्याचाही वावर आहे आणि पाण्यात मगरी आहेत. त्यामुळे ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या वेळेत आणि गटाने चालावे. सपाट वाट, सावली आणि पक्ष्यांचे आवाज. पहिल्यांदाच पायी सहलीला निघालेल्या घराने इथे पाय तपासून पाहावेत आणि पुढच्या रविवारी मदनमहालला जावे.

खरा पर्वत हवा असेल तर

तरुण मंडळी एवढ्याने समाधानी होणार नाहीत. त्यांच्यासाठी पचमढी आहे, पण ती एका दिवसाची वाट नाही. जबलपूर-इटारसी मार्गावरच्या पिपरिया स्थानकावर उतरायचे आणि तिथून पन्नासेक किलोमीटर घाटरस्ता चढायचा. शनिवारी मुक्काम केला तरच रविवारी चालता येते. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड इथेच, उंची सुमारे १३५० मीटर. चौरागडाच्या महादेवाला तेराशेच्या आसपास पायऱ्या चढून जावे लागते. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन येणाऱ्या भाविकांत आणि नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस खुल्या होणाऱ्या नागद्वार यात्रेत विदर्भातली मराठी माणसे मोठ्या संख्येने असतात. गर्दी नको असेल त्यांनी हे दिवस टाळावेत, आणि ज्यांना ती यात्राच अनुभवायची आहे त्यांनी मुद्दाम तेच निवडावेत. हा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाला लागून असल्याने वाटांच्या वेळा आणि परवानग्या आधी विचारून घ्याव्यात.

निघण्यापूर्वी एवढे करा

माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. टेकडीवर दुकान असेल या भरवशावर राहू नका.

सपाट तळाच्या चपला नकोत. ग्रॅनाइटवर आणि नदीकाठच्या खडकावर रबरी खाचा असलेले बूटच हवेत.

कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी राहणाऱ्या एखाद्या माणसाला सांगून निघा. मोबाइलवर विसंबू नका, शिळांच्या आड तो मुका होतो.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी असे न सांडणारे, न नासणारे खाणे बरोबर घ्या. कागद आणि पिशव्या परत आणा.

पायथ्याशी भेटणाऱ्या गुराख्याला किंवा चहावाल्याला वाट विचारा. कुठे माश्यांचे मोहोळ आहे, कुठला ओढा अडवतो, हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

आणि वाट जमली नाही तर निमूट परत फिरा. टेकडी पुढच्या रविवारीही तिथेच असेल, पाय शाबूत हवेत.

एका हिवाळ्यात चार रविवार काढले तर चार वाटा होतात. पाचव्या रविवारी नागपूरची आत्या आली, तर तिला भेडाघाट दाखवावाच. फक्त त्या दिवशी सकाळी लवकर उठून आधी तिला पिसनहारीचे जाते दाखवावे.